सरासरीच्या आड दडलेली प्रथिनं

अमिनो आम्लांची साखळी पेशीत तयार होते, स्वतःवरच दुमडत जाते आणि तिची ठरावीक घडी बसते. बहुतेक प्रथिनांचं काम या घडीवर अवलंबून असतं. पाठ्यपुस्तकात त्या घडीचं स्थिर चित्र असतं. प्रत्यक्षात प्रथिन सतत हलत असतं, उघडत-मिटत असतं.

ही हालचाल पाहण्यात मोठी अडचण सरासरीची. परीक्षानळीत अब्जावधी रेणू असतात. त्यांतले निम्मे पूर्ण दुमडलेले आणि निम्मे पूर्ण उलगडलेले असोत किंवा सगळेच अर्धवट दुमडलेले असोत, सरासरी तीच येऊ शकते. मग एकेक रेणू वेगळा पाहण्याला पर्याय उरत नाही.

त्यासाठी मोजपट्टी आहे प्रकाशाची. तिचं गणित जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फोर्स्टर यांनी १९४० च्या दशकात मांडलं. दोन चमकणारे रंगरेणू जवळ असले, की लेसरने उत्तेजित झालेला पहिला रेणू स्वतः प्रकाश न टाकता आपली ऊर्जा दुसऱ्याला देतो आणि चमकतो तो दुसराच. अंतर वाढलं की ही देवघेव झपाट्याने घटते. पाच नॅनोमीटरवर निम्मी ऊर्जा पोचत असेल, तर साडेसात नॅनोमीटरवर जेमतेम आठ टक्के. प्रथिनाच्या दोन टोकांना हिरवा आणि लाल रंग जोडले, तर मिटलेली घडी लाल दिसते, उलगडलेली हिरवी. शिमॉन वाइस यांच्या बर्कलीतल्या गटाने १९९६ मध्ये ही देवघेव रंगरेणूंच्या एकाच जोडीत टिपली.

काम चिकाटीचं आहे. द्रावण इतकं विरळ करावं लागतं, की लेसरच्या झोतात एका वेळी एखादाच रेणू यावा. तो साधारण मिलिसेकंदभरात निघून जातो. तेवढ्यात हाती लागतात मोजके फोटॉन आणि सगळा निष्कर्ष त्यांच्यावरच काढायचा.

या कष्टांचं सर्वांत सुंदर फळ मला वाटतं ते २०१२ चं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत विल्यम ईटन आणि होई संग चुंग यांच्या गटाने दोन प्रथिनं तपासली. एकाच्या घडीचा वेग दुसऱ्याच्या दहा हजार पट. पण उलगडलेल्या अवस्थेतून दुमडलेल्या अवस्थेत प्रत्यक्ष जाण्याचा वेळ जलद प्रथिनात सुमारे दोन मायक्रोसेकंद, तर संथ प्रथिनात दहा मायक्रोसेकंदांच्या आतच. म्हणजे संथ प्रथिन दुमडायला वेळ घेत नाही. त्याचा वेळ जातो योग्य संधीची वाट पाहण्यात! सरासरीतून हा फरक कधीच दिसला नसता.

आपल्याकडे शास्त्रज्ञ जयंत उदगावकर आणि तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) असलेले जी. कृष्णमूर्ती यांनी हेच ऊर्जेच्या देवघेवीचं तत्त्व रेणूंच्या समूहावर, पण अंतरांचा विस्तारही कळेल अशा रीतीने वापरलं. मोनेलिन या गोड प्रथिनाची घडी एका झटक्यात न सुटता सैलावत जाते, हे त्यांनी २००९ मध्ये दाखवलं.

त्याहून चकित करणारा, एकेका रेणूवरच्या याच मोजपट्टीच्या मदतीने लागलेला शोध २०१८ चा. पेशीकेंद्रकातली दोन प्रथिनं, प्रोथायमोसिन-अल्फा आणि हिस्टोन एच१, एकमेकांना अतिशय घट्ट धरतात, तरीही दोघं विस्कळीतच राहतात. ठरावीक घडी नाही, कुलूप-किल्लीसारखी बसणारी खाच नाही. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी कुलूप-किल्लीचं चित्र फळ्यावर काढताना या जोडीचीही ओळख मुलांना जरूर करून द्यावी.