घाटावरून पाहिलेला दर्या

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एक जहाज आहे. त्याला तीन डोलकाठ्या आहेत आणि त्यावर रांजण ओळीने मांडलेले आहेत. पाचव्या शतकातलं हे चित्र पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेशी जोडलं जातं. हा पूर्ण शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. त्याचं जहाज मात्र रंगवलं गेलं ते समुद्रापासून कितीतरी दूर, डोंगराच्या पोटात.

मराठी मुलखात समुद्र पुढेही बराचसा असाच, दुरून रंगवला गेला.

किनाऱ्यावरची साक्षही आहे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरल्या आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या आरमारी लढाईशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. इथला समुद्र म्हणजे रणभूमी.

आधुनिक कवितेतला सर्वांत गाजलेला समुद्र 1909 सालचा. भगूरच्या सावरकरांनी इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर ‘सागरास’ ही कविता रचली. परत नेण्याचं वचन मोडणाऱ्या सागराला ते जाब विचारतात आणि शेवटी त्याला अगस्तीची आठवण करून देतात. अमरावतीत जन्मलेल्या विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी 1939 साली आली. युरोपातून निघालेल्या बोटीवर निर्वासित ज्यू हॅर्टा आणि चक्रधर यांचं प्रेम फुलतं. भोवती पाणीच पाणी, पण हॅर्टाला पाय टेकायला जमीन नाही. 1942 च्या ‘विशाखा’त नाशिकच्या कुसुमाग्रजांचा कोलंबस वादळालाच आव्हान देतो. विरह, निर्वासन, जिद्द! समुद्राला केवढे अर्थ मिळाले. पण त्याच्यावर पोट असलेला माणूस यात कुठेच नव्हता.

तो घराघरांत पोचला शांता शेळके यांच्या कोळीगीतांतून. इंदापूरला जन्मलेल्या या कवयित्रीने कोळी बोलीचा ठेका पकडला, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली बांधल्या आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी ‘मी डोलकर’ गायलं. डोल हे भरतीओहोटीच्या ओढीत रोवून ठेवायचं पिशवीसारखं जाळं. मराठी भावगीतात आता मासेमारीचं कष्टाचं काम आलं.

कोळीवाड्यांनी तर आपली गाणी लग्नाच्या हळदीला आणि नारळी पौर्णिमेला कधीपासून गायली आहेत. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी, जाळं कुठे टाकायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मराठी साहित्याच्या इतिहासात ही गाणी तळटीप म्हणून नव्हे, सावरकर-कुसुमाग्रजांच्या शेजारी स्वतंत्र प्रकरण म्हणून यायला हवीत. त्यासाठी आधी ती गाणाऱ्या म्हाताऱ्या बायांपाशी बसून टिपून घ्यायला हवीत.