देशी झाड, पण कोणत्या मातीतलं?

मोर्शीत घर बांधून झालं की आवारात काय लावायचं याची यादी जवळपास ठरलेली असते. फाटकावर बोगनवेल, रस्त्याच्या बाजूला गुलमोहर, कोपऱ्यात नारळ आणि उरलेल्या जागेत हिरवळ. अलीकडे मात्र ‘आम्हाला सगळं देशीच लावायचंय’ असं म्हणणारी घरंही दिसू लागली आहेत. या बदलाचं मनापासून स्वागत करायला हवं. पण त्यासोबत काही समजही पसरले आहेत. त्यांच्या भरवशावर लावलेली बाग दोन उन्हाळ्यांत वाळते, घरातली माणसं ‘देशी’चं नाव टाकतात आणि पुन्हा गुलमोहराचा खड्डा खणला जातो.

पहिला समज असा की, जे आजोबांच्या काळापासून पाहतोय ते देशी. चिंचच घ्या. गावोगावच्या पारावर, शेताच्या धुऱ्यावर शेकडो वर्षं उभी असलेली चिंच मूळची आफ्रिकेतली. सातपुड्याच्या पायथ्याशी रानोमाळ उगवणारं सीताफळ अमेरिका खंडातून आलं. पेरू आणि पपईही तिकडचेच. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा, तुळशीवृंदावनाशेजारची सदाफुली मादागास्करची. गुलमोहरही तिथलाच.

म्हणून चिंच तोडायची का? मुळीच नाही. परकं असणं वेगळं आणि उपद्रवी असणं वेगळं. घाणेरी ही मूळ अमेरिकेतली, इंग्रजांच्या काळात शोभेचं झुडूप म्हणून बागांत आली. आज मेळघाटासकट देशभरच्या जंगलांत तिची जाळी माजली आहेत. तिच्याखाली गवत उगवत नाही आणि झाडांची रोपंही वर येत नाहीत. तीही एकेकाळी कुणाच्या तरी बागेतूनच बाहेर पडली, हे विसरून चालणार नाही. रंगीत फुलांची घाणेरी रोपवाटिकांत अजूनही विकायला असते. झाड परदेशी आहे का, यापेक्षा ते कुंपण ओलांडून पसरतं का, हे आधी विचारावं. चिंच, पेरू, झेंडू राहू द्या. घाणेरी आणि सुबाभूळ नकोच.

दुसरा समज जास्त फसवा आहे. भारतातलं झाड ते आपल्याकडचं झाड, असं धरून चालतात. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, म्हणून हौसेने आणलं जातं. पण ताम्हण ओढ्याकाठचं, ओलाव्यात रमणारं झाड. सुरंगी कोकणातली. मोर्शीच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, त्यांना रोज बादलीभर पाणी देऊनही पानांच्या कडा करपतात. आपल्या उत्तरेला सातपुडा आहे, तिथलं जंगल सागाचं आणि पानगळीचं. पळस, बहावा, आपटा, मोह, चारोळी, बेल, आवळा. झुडपांत धायटी, मुरुडशेंग, निरगुडी, करवंद, पारिजातक. मोर्शीतली देशी बाग या यादीतून उभी राहते.

आणि या यादीतलंही सगळं सगळीकडे लागत नाही, कारण खाली माती आहे. आपल्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती असते. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगा पडताना कोवळी मुळं तुटतात. श्रावणात पाणी साचलं की तीच मुळं कुजतात. रोप वाळलं म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलंसुरलं मारतो. म्हणून आधी दीड फूट खड्डा खणून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच उभं असेल, तर झाड खड्ड्यात लावू नये. हातभर उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर लावावं. पळस काळ्या मातीत आणि साचलेल्या पाण्यातही तग धरतो. धायटीला मात्र मुरमाड, निचऱ्याची जमीन हवी. नव्या घराच्या आवारात बांधकामाचा मलबा, सिमेंटचे गोळे आणि बाहेरून आणलेला मुरूम असतो. रोपाच्या जागेपुरता तरी तो काढल्याशिवाय मातीविषयी काहीच बोलता येत नाही.

आता पाण्याचा समज. ‘देशी झाडाला पाणी लागत नाही’ हे वाक्य रोपवाटिकेतही ऐकू येतं. जंगलातलं झाड पाण्याशिवाय जगतं, कारण तिथे पडलेल्या शेकडो बियांपैकी एखादंच रोप तगतं. आपल्या आवारात आपण एकच रोप लावतो आणि ते जगायलाच हवं असतं. पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी द्यावंच लागतं. फक्त रोज शिंपडायचं नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा, पण मुळापर्यंत खोल मुरेल असं. रोजच्या शिंतोड्यांनी मुळं वरच राहतात. आळ्यात वाळलेल्या पानांचा चार बोटं थर दिला, तर भेगाही कमी पडतात. तिसऱ्या वर्षापासून बहावा किंवा आपटा आपलं आपण पाहतो.

हा हिशेब मोर्शीत इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे खरं, पण वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी वर्षानुवर्षं ओळखला जातो. बोअर खोल खोल जात राहिले. पाण्याअभावी वाळलेल्या संत्र्याच्या बागा तोडून त्यांचं सरपण झालेलं या तालुक्याने पाहिलं आहे. अशा गावात घरासमोर विकतच्या हिरवळीचा गालिचा अंथरून त्यावर उन्हाळाभर पाईप सोडून ठेवणं मला पटत नाही. मोकळी जागा हवीच असेल तर आपली हरळी आहे. पावसात हिरवी होते, वैशाखात पिवळी पडते, पहिल्या सरीला पुन्हा उठते. शेतकरी तिला तण म्हणून शिव्या देतो, म्हणून वाफ्यांपासून ती विटांच्या कडेने वेगळी ठेवावी.

संत्र्याचा विषय निघालाच आहे, तर इथल्या माणसाने नीट लक्षात घ्यावी अशी गोष्ट सांगतो. ‘देशी म्हणजे निरुपद्रवी, कुठेही लावा’ हा समज या तालुक्यात शेजाऱ्याचं पीक बुडवू शकतो.

कोरोनाच्या काळात काढ्यासाठी घरोघरी गुळवेल आली. गुळवेल अस्सल आपली, औषधी, कमी पाण्यात वाढणारी. पण संत्र्यातला रस शोषणारा जो पतंग आहे, त्याच्या अळ्या संत्र्यावर वाढतच नाहीत. त्या वाढतात गुळवेल, वासनवेल यांसारख्या रानवेलींवर. पावसाळा सरताना आंबिया बहाराची फळं रंगावर येऊ लागतात, तेव्हा मोठा झालेला पतंग रात्री बागेत उतरतो, आपली टणक सोंड सालीत खुपसतो आणि रस ओढतो. फळावर टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसतं, भोवतीची जागा मऊ होते, तिथून बुरशी आणि सड शिरते आणि फळ गळून पडतं. म्हणूनच बागेभोवतीच्या या वेली काढा, असं कृषितज्ज्ञ सांगत आले आहेत. घर गावाच्या मधोमध असेल तर गुळवेल खुशाल लावा. पण कुंपणापलीकडे संत्र्याची बाग असेल तर नको.

कामिनीचंही तसंच आहे. काही जण तिला कुंती म्हणतात. पांढऱ्या सुवासिक फुलांचं हे झुडूप कुंपणासाठी फार सुरेख, आणि आशियातलंच. पण ते संत्र्याच्या कुळातलं आहे आणि सिट्रस सायला नावाच्या किडीला फार प्रिय आहे. हीच कीड ग्रीनिंगचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. कढीपत्त्यावरही ती वाढते. स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्त्याचं एक झाड असणारच, त्याला नाही म्हणता येणार नाही. कोवळ्या फुटीवर कीड दिसली तर ती फूट खुडून टाकता येते. पण बागेला लागून कामिनीची पन्नास फुटांची रांग लावू नये. तिथे निरगुडी लावावी किंवा करवंदाचं काटेरी कुंपण करावं.

याच्या उलटही एक चूक होते: पान कुरतडलेलं दिसलं की फवारणी. लिंबू, कढीपत्ता किंवा बेलाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी बसलेली असते. तीच मोठी होऊन हिरवी होते, डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढे तिचं फुलपाखरू होतं. शेंदुरजना घाटाकडच्या संत्र्याच्या रोपवाटिकांत कोवळ्या कलमांची पानं ती फस्त करते, तिथे तिला वेचून काढावंच लागतं. पण परसातल्या डेरेदार लिंबाला तिने काही होत नाही. रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी असते, तिचं केशरी फुलपाखरू होतं. शनिवारी मारुतीला जिची पानं घालतो ती रुई कुंपणाच्या कडेला एक तरी असावी. चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर. अळी नको आणि फुलपाखरू हवं, असं होत नाही.

देशी झाडं उन्हाळ्यात उघडीबोडकी दिसतात, ही तक्रार खरी आहे, पण अर्धी. पानं गाळणं हे पाणी वाचवणं आहे, मरणं नव्हे. आणि याच दिवसांत पळस फाल्गुनात पेटतो, तर बहावा चैत्र-वैशाखात पिवळ्या घोसांनी लोंबतो. सावलीची सोय मात्र विचार करून करावी. घराची पश्चिमेची भिंत दुपारभर तापते. तिथे बहावा नव्हे, करंज लावावा. ऐन उन्हाळ्याच्या तोंडी त्याला नवी हिरवीगार पालवी येते आणि मे महिन्यात दाट सावली असते. बहावा पूर्वेला, फाटकाजवळ. त्याच्याखाली पारिजातक, कोरांटी, अडुळसा. वड-पिंपळ देशी असले तरी घराच्या आवारात नकोत, मुळं पाया शोधतात. त्यांची जागा नाल्याकाठी, गावठाणात. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो म्हणून दाराशी लावणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की, ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. रात्री पिंपळही बाकी झाडांसारखा श्वासच घेतो.

सापाची भीतीही खोटी नाही, फक्त कारण चुकीचं धरलं जातं. साप केवड्याच्या किंवा रातराणीच्या वासाने येत नाही. तो उंदीर आणि बेडकांमागे येतो आणि विटांच्या ढिगात, सरपणाच्या रचाईत, कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपतो. ढीग हलवा, झुडपांच्या खालच्या फांद्या वीतभर वर छाटा, भिंत आणि झाडोरा यांत दोन फूट जागा मोकळी ठेवा.

राहिला प्रश्न रोपांचा. ‘देशी रोपं मिळतच नाहीत’ असं म्हणतात, कारण शोभेच्या रोपवाटिकेत विचारतात. सामाजिक वनीकरण आणि वनविभागाच्या रोपवाटिकांत जूनमध्ये बहावा, करंज, आवळा, बेल असतात. नाहीतर बी जमवावं; राखीव जंगलातून नव्हे, रस्त्याकडेच्या झाडाखालून. बहाव्याची काळी शेंग फोडली की चिकट गरात चपट्या बिया निघतात. कवच इतकं कठीण, की तशीच पेरली तर महिनोन्‌महिने पडून राहते. बीची कड खरकागदावर थोडी घासून रात्रभर पाण्यात ठेवावी. सकाळी फुगलेल्या पेराव्यात, न फुगलेल्या पुन्हा घासाव्यात. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते आणि ती लवकर नासते. म्हणून उन्हाळ्यात गोळा करून त्याच पावसाळ्यात पेरावी, तीही थेट जमिनीत, जिथे झाड हवं तिथेच. पळसाचं मूळ सुरुवातीपासून सरळ खाली जातं; पिशवीत ते वळतं आणि मग झाड वर्षानुवर्षं खुरटं राहतं. एका जागी तीन बिया टाकून पुढच्या पावसाळ्यात सर्वांत जोमदार तेवढं एक रोप ठेवावं.