‘घराणे’ : एका शब्दाचा अर्थविस्तार

‘घराणे’ हा शब्द ‘घर’ या शब्दाशी निगडित आहे. एका कुळातील, रक्ताच्या नात्याची माणसे हा त्याचा रूढ अर्थ. संगीतात मात्र तो गायकीच्या परंपरेसाठी योजला जातो. हे दोन अर्थ कोठे जुळतात आणि कोठे वेगळे होतात, हे हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांच्या कुटुंबात स्पष्ट दिसते.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील. (हा ‘किराणा’ म्हणजे उत्तर प्रदेशातील कैराना गाव, वाणसामानाशी त्याचा संबंध नाही!) आई ताराबाई माने पतीपासून विभक्त झाल्या, तेव्हा मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई, सकीनाची सरस्वती. आडनावेही निरनिराळी : माने, बडोदेकर आणि विवाहानंतर राणे.

वडिलांचे घर सुटले, त्यांनी दिलेले नावही गेले. स्वर लावण्याची रीत तेवढी राहिली : संथ आलापी, स्वराच्या नेमकेपणाचा आग्रह. हिराबाईंना तालीम मिळाली ती बंधू सुरेशबाबूंकडून आणि किराण्याच्याच अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. पुढे हिराबाई आणि सरस्वती या बहिणी मैफलीत एकत्र गाऊ लागल्या, तेव्हा आडनावांवरून न कळणारे नाते गाण्यातून कळत असे.

सुरेशबाबूंच्या शिष्या प्रभा अत्रे यांचे या कुटुंबाशी रक्ताचे नाते नव्हते. तरीही ‘किराणा घराण्याच्या गायिका’ हा शब्दप्रयोग त्यांच्याबाबतीत आपल्याला मुळीच खटकत नाही.