सासुरवाडीत कायमचा मुक्काम!

थायलंड म्हटलं की काय आठवतं? ऑफिसच्या ग्रुपमध्ये विचारून बघा. फुकेत, पटाया, पाच दिवस चार रात्रींचं पॅकेज, येताना मित्रांसाठी बाम आणि आईसाठी हॅण्डबॅग. बस्स! पण समजा हेच थायलंड तुमची सासुरवाडी असेल तर? आणि रिटायर झाल्यावर तिथेच राहायला जायचं घाटत असेल तर?

हसू नका. असं एक घर मला आपल्या हिंगण्यात भेटलं. लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनच्या पुढे, वानाडोंगरीच्या बाजूला. काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत, वय ५७, पुढच्या वर्षी रिटायर. काकू थायलंडच्या. पंचविसेक वर्षांपूर्वी काका मशिनरी बसवायला तिकडे गेले होते, तिथे ओळख झाली आणि मग आपल्याकडे येऊन स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न. मुलगी पुण्यात आयटीत. नावं छापायची नाहीत, ही एकच अट. ती मान्य करून मी दोन संध्याकाळी त्यांच्याकडे पोहे आणि प्रश्न दोन्ही संपवले.

प्रश्न साधा वाटतो. काकूंची आई ऐंशीच्या पुढची आहे. काकूंचं गाव खोन केन प्रांतात, ईसान भागात. (ईसान म्हणजे आपली ईशान्य दिशाच, शब्दही तोच!) या भागात जुनी रीत अशी, की लग्नानंतर जावई बायकोच्या घरी राहायला येतो आणि धाकटी मुलगी आईवडिलांचं घर सांभाळते, म्हातारपण सांभाळते. काकू सगळ्यात धाकट्या. पंचवीस वर्षं त्यांच्या वाटणीचं काम मोठी बहीण करते आहे. ती आता थकली आहे.

"आता माझा नंबर आहे," काकू अगदी स्वच्छ मराठीत म्हणाल्या. "मी तं तयार आहे," काका म्हणाले, "पण तिथं मी कोण म्हणून राहीन, हे पहिले समजून घेऊन राह्यलो."

पाहुणा म्हणजे पाहुणाच

काकांचा हा प्रश्न फार मोलाचा आहे. आपण भारतीय पासपोर्टवाले सुट्टीला थायलंडमध्ये सहज जातो. तेवढ्यावर तिथे संसार मांडता येत नाही. कायम राहायचं तर 'नॉन-इमिग्रंट' वर्गातला व्हिसा लागतो. शब्द नीट वाचा. दहा वर्षं राहा, वीस वर्षं राहा, कागदावर तुम्ही स्थलांतरित नाहीच! थाई लोक आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला बोलण्यात 'खॅक' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. आपल्याकडेही गावात जावयाला पाहुणेच म्हणतात, नाही का?

तर या पाहुण्यासमोर मुख्य रस्ते दोन.

पहिला, नवरा म्हणून. थाई जोडीदाराच्या नात्यावर आधी 'नॉन-इमिग्रंट ओ' व्हिसा घ्यायचा. तो साधारण ९० दिवसांचा. तिथे पोचल्यावर इमिग्रेशन ऑफिसात एकेक वर्षाची मुदतवाढ मागायची. अट अशी, की थाई बँकेत स्वतःच्या नावावर ४ लाख बाट अर्जाच्या आधी दोन महिने पडून असले पाहिजेत, नाहीतर महिन्याला ४० हजार बाटचं उत्पन्न दाखवायचं. वयाची अट नाही. पण लग्न 'खरं' आहे हे दरवर्षी पटवायचं! दोघांनी मिळून जायचं, घराचे, घरातल्या दोघांचे फोटो जोडायचे. निकाल लगेच मिळत नाही, साधारण महिनाभर 'विचाराधीन'चा शिक्का बसतो.

दुसरा, रिटायर्ड माणूस म्हणून. वय ५० पूर्ण हवं. बँकेत ८ लाख बाट, किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न, किंवा शिल्लक आणि वर्षाचं उत्पन्न मिळून ८ लाख. इथे बायको थाई आहे की नागपूरची, कुणी विचारत नाही. मात्र पैसे अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने तसेच ठेवायचे. नंतरही शिल्लक ४ लाखांच्या खाली नेता येत नाही.

मुदतवाढीची फी दोन्हीकडे १,९०० बाट.

पैशाचं गणित

बाटचा भाव हलता असतो. आपण सोयीसाठी पावणेतीन रुपये धरू. म्हणजे नवऱ्याच्या रस्त्याला अडकतात ११ लाख रुपये, रिटायर्डच्या रस्त्याला २२ लाख. महिन्याच्या उत्पन्नाचा पर्याय घ्यायचा तर अनुक्रमे १ लाख १० हजार आणि पावणेदोन लाखांच्या वर!

आता काकांची पेन्शन बघा. प्रायव्हेट नोकरीतल्या आपल्यासारख्यांची पेन्शन म्हणजे ईपीएस, १९९५ ची योजना. २०१४ मध्ये तिच्यासाठी पगाराची मर्यादा ठरली १५,००० रुपये. फॉर्म्युला असा, की पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. या मर्यादेवर पूर्ण ३५ वर्षं घासली तरी उत्तर साडेसात हजार रुपये! काकांना तेवढेही बसत नाहीत. "याच्यात तं तिथं विजेचं बिल निघंल," काका म्हणतात. तेव्हा मासिक उत्पन्नाचा पर्याय बाद. राहिली ती पीएफ आणि ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम. थाई बँकेत टाकायचे पैसे त्यातूनच येणार.

त्यांच्या मुलीने याची एक्सेल शीट केली आहे आणि ती खरंच सही आहे. तिने शोधलेला एक मुद्दा तुमच्याही कामाचा. भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. पण असे पैसे १० लाख रुपयांच्या वर गेले, की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. २२ लाख एकदम पाठवले तर २ लाख ४० हजार अडकले. ते रिटर्न भरल्यावर टॅक्समध्ये वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर हात आखडतो. काहीजण म्हणून अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये पाठवतात. वर्ष बदललं, मर्यादा नवी!

एकदा कायमचं बाहेर राहायला गेलं, की इथलं साधं सेव्हिंग खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. सीनियर सिटिझन स्कीम एनआरआयला उघडता येत नाही. पीपीएफ नवं उघडता येत नाही, जुनं मुदत संपेपर्यंत चालतं. आणि पेन्शन चालू ठेवायला दरवर्षी हयातीचा दाखला आहेच.

टॅक्सचंही एक लचांड आहे. वर्षात १८० दिवस किंवा जास्त थायलंडमध्ये राहिलं, की तुम्ही तिथले कर-रहिवासी. १ जानेवारी २०२४ पासून असा माणूस बाहेरचं उत्पन्न तिथे आणतो तेव्हा त्यावर थाई कर लागू शकतो. त्या तारखेआधीची बचत यातून सुटते. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, म्हणून बँक स्टेटमेंट जपून ठेवा आणि जाण्याआधी चांगल्या सीएची फी द्या. ती वसूल होते.

खरा प्रश्न शेवटी येतो

एवढं सगळं झाल्यावर मी काकांना विचारलं, मग अडलंय कुठे? ११ लाख आहेत, लग्न आहे, मार्ग सोपा आहे. काका गप्प झाले. उत्तर काकूंनी दिलं.

"मी आधी गेले तर?"

नवरा म्हणून मिळालेली मुदतवाढ त्या नात्यावर उभी असते. जोडीदार गेला, की ते कारणच संपतं आणि त्यावर पुढची वाढ मिळत नाही. म्हणजे ज्या महिन्यात माणूस सगळ्यात एकटा पडतो, त्याच महिन्यात त्याने इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला रिटायर्डच्या वर्गात बदल करता येतो. पण तेव्हा हाताशी ८ लाख बाट हवेत आणि ते बायकोच्या नाही, स्वतःच्या खात्यात.

घराचंही तसंच. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. थाई बायको घेऊ शकते, पण पैसा तिचा स्वतःचा आहे असं नवऱ्याला लिहून द्यावं लागतं. १९९९ च्या आधी तर परदेशी माणसाशी लग्न केलेल्या थाई बाईलाच जमीन घेताना अडचण यायची. फ्लॅट चालतो, पण इमारतीतल्या एकूण जागेच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी. काकूंच्या आईचं घर गावात, जमिनीवर. उद्या ते वारसाहक्काने काकांकडे आलं, तरी ठेवता येत नाही, जास्तीत जास्त वर्षभरात विकावं लागतं. यावर उपाय एक आहे. जमीन कार्यालयात नवऱ्याच्या नावे तहहयात उपभोगाचा हक्क नोंदवायचा. मालकी घरातल्यांचीच राहते, पण म्हाताऱ्या जावयाला कुणी बाहेर काढू शकत नाही.

आजारपणाचं काय? थायलंडची २००२ सालची '३० बाट' आरोग्य योजना नावाजलेली आहे, पण ती थाई नागरिकांसाठी. काकूंना दार उघडं, काकांना बंद. काकांना शुगर आहे. या वयात, आधीच्या आजारासकट इन्शुरन्स मिळवणं महाग आणि अवघड. इथे डिगडोहचं लता मंगेशकर हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे आणि डॉक्टरशी मराठीत भांडता येतं!

काकांच्या मनात खोन केनमध्ये सावजी मेस टाकायचं होतं. रिटायर्डच्या परवानगीवर काम करायला सक्त मनाई आहे. नवऱ्याच्या परवानगीवर वर्क परमिट मागता येतं. तर्री विकायची असेल तर रस्ता ठरला!

उलट बाजूने

हे सगळं ऐकून वाटतं, केवढे कडक नियम! पण काकूंची बाजू ऐका. त्या हिंगण्यात आल्या तेव्हा त्यांना 'पाणी' आणि 'भात' एवढेच दोन मराठी शब्द येत होते. नागपुरात पहिल्यांदा आपलं वाटलं ते दीक्षाभूमीवर. वर्षानुवर्षं व्हिसाच्या मुदती, परदेशी नागरिक म्हणून नोंदणी, प्रत्येक वेळी लग्नाचा दाखला. तेव्हा त्या इथल्या 'खॅक' होत्या. आता ओसीआय कार्ड आहे. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला, लग्न नोंदलेलं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर, ते मागता येतं. शेतजमीन मात्र ओसीआयवाल्याला विकत घेता येत नाही, वारसाने मिळू शकते. म्हणजे जमिनीच्या बाबतीत आपणही काही फार दिलदार नाही!

मग काकांनी थाई नागरिक व्हावं का? थाई बायकोच्या नवऱ्याला तसा मार्ग आहे, पण त्यासाठी तिथे आधी काही वर्षं नोकरी आणि पगार लागतो. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. निळा पासपोर्ट सोडावा लागेल. काका म्हणाले, "हे नाही होत आपल्याच्यानं." विषय संपला.

पटकन बघा

- ओ-ए: पन्नाशीनंतरचा रिटायरमेंट व्हिसा, इथूनच काढून जायचा. पोलिस क्लिअरन्स, मेडिकल सर्टिफिकेट आणि हेल्थ इन्शुरन्स लागतो.
- एलटीआर: २०२२ मध्ये आलेला दहा वर्षांचा व्हिसा. पेन्शनरला वर्षाला ८० हजार डॉलर उत्पन्न हवं, किंवा निदान ४० हजार आणि शिवाय थायलंडमध्ये अडीच लाख डॉलरची गुंतवणूक. आपल्या बॉसला सांगा.
- ९० दिवस: दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. विसरलात तर दंड.
- री-एंट्री परमिट: देशाबाहेर जाण्याआधी काढायचं. एका वेळचं १,००० बाट, अनेक वेळांचं ३,८००. ते न घेता विमानात बसलात तर वर्षभराची परवानगी तिथेच रद्द!
- कागद: इथला लग्नाचा दाखला प्रमाणित करून, थाई भाषेत उतरवून तिकडे नोंदवायचा. हे काम जाण्याआधी सुरू करा.

तर ठरलं काय?

त्यांनी अर्धा-अर्धा मार्ग काढला आहे. पहिलं वर्ष काकू आईकडे राहणार. काका जाऊन-येऊन, १८० दिवसांच्या आत. हिंगण्याचं घर विकायचं नाही. परवानगी रिटायर्डच्या वर्गात, म्हणजे ८ लाख बाटची. ११ लाखांत भागत असताना २२ का अडकवता, असं मी विचारलं. काका म्हणाले, "तिच्या आजारपणात मले व्हिसाची काळजी नको." तर्री पोह्यांचा गाडा त्यामुळे कायमचा रद्द. आईच्या घरावर काकांचा तहहयात हक्क नोंदवायला मोठी बहीण राजी आहे. गावी गेल्यावर आधी तेच काम.

तुमच्यापैकी कुणाचं ऑफिसातल्या परदेशी प्रोजेक्टवर जुळलं असेल, कुणाचं जुळू घातलं असेल. अभिनंदन! हॉल आणि हनीमून ठरवताना एक प्रश्न एकमेकांना जरूर विचारा: आपल्यापैकी एकजण उरला, तर तो कुठे राहील, आणि कुणाच्या परवानगीने? अठ्ठाविसाव्या वर्षी तो विचारला तर हसत हसत उत्तर लिहिता येतं. काकांनी सत्तावन्नाव्या वर्षी विचारला. तरी वेळेत विचारला.

काका सध्या थाई शिकताहेत. पाच सुरांची भाषा, सूर चुकला की अर्थ बदलतो. शिकवणारी घरातच आहे आणि जुनं उट्टं काढते आहे. दिवसाला दोनच शब्द. पहिल्या दिवशीचे होते पाणी आणि भात.