लोणारचा खार

उल्हासनगरचा जीन्सचा धंदा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ‘वॉश’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कडक, गर्द निळी पँट मशीनच्या ड्रममध्ये जाते आणि मऊ, फिकट होऊन बाहेर येते. पूर्वी हे काम प्युमिस दगड करायचा, आता बरंचसं एन्झाइम करतं. सेल्युलेज नावाचं एन्झाइम सुताच्या वरवरचे तंतू कुरतडतं आणि त्यांच्याबरोबर निळा रंगही सुटतो. अशा एका एन्झाइमचं मूळ केनियातल्या सोड्याच्या सरोवरांत आहे. १९९०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिथले जिवाणू गोळा केले. पुढे एका बड्या कंपनीने जीन्ससाठी आणि धुण्याच्या पावडरीसाठी त्यातून एन्झाइमं बाजारात आणली आणि केनियाच्या वन्यजीव खात्याने नफ्यात वाटा मागितला. साबणाच्या पाण्यात इतर बरीच प्रथिनं मोडून पडतात. या जिवाणूंची टिकतात, कारण त्यांचं घरच साबणाच्या पाण्यासारखं आहे.

असं एक घर महाराष्ट्रात आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार.

अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर ज्या काळ्या पाषाणात घडलं, त्याच दख्खनच्या बेसॉल्टवर लोणारला एक अशनी येऊन आदळला. कधी, यावर अजून एकमत नाही. एका मोजणीने सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी, तर दुसरीने पावणेसहा लाख वर्षांपूर्वी. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. हा ज्वालामुखी नसून आघात आहे, हे १९७३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या निबंधाने पटवून दिलं. माझं मन मात्र विवरापेक्षा त्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यात अधिक गुंततं.

या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. झरे आणि पावसाचे ओहोळ बेसॉल्ट झिजवत क्षार घेऊन येतात. पाणी उन्हात उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यातला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने तळाला बसतो, सोडियम पाण्यातच उरतो. उल्हासनगरच्या सिंधी घरांत पापडाच्या पिठात जो खार पडतो, त्याच जातीचा खार मिठासह इथे सरोवरभर विरघळलेला आहे. पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास असतो. ‘ऐन-ए-अकबरी’त या भागातल्या डोंगरांत काच आणि साबण यांना लागणारा माल मिळतो आणि त्यावर महसूल येतो, अशी नोंद आहे. इंग्रजी अमदानीतही इथल्या क्षाराचे डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी असे प्रकार वेगवेगळे काढले आणि विकले जात.

माणसाला आंघोळीलाही नकोशा वाटणाऱ्या या पाण्यात जिवांची दाटी आहे. पृष्ठभागावर आर्थ्रोस्पायरा, म्हणजे बाजारात स्पिरुलिना नावाने गोळ्यांत मिळणारा नील-हरित जिवाणू, इतका माजतो की सरोवर हिरवंगार दिसतं. त्या हिरवाईखाली उजेड फार खोल जात नाही. पाणी तसं उथळ, तरी तळाशी प्राणवायू नाही. वरून मेलेल्या पेशींचा पाऊस पडत राहतो आणि त्या कुजताना होता नव्हता तेवढा प्राणवायू संपतो. त्याखालच्या अंधारात वेगळा संसार सुरू होतो. काही जिवाणू सल्फेट वापरून श्वसन करतात आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मिथेन बनवणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या कुळातले एकपेशी जीव, आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी लोणारच्या गाळातून मिथेनोकॅल्क्युलस आणि मिथेनोक्युलियस हे असे आर्किया वाढवले. मिथेनॉल आणि मिथाइल अमाइनवर जगणारा मिथायलोफॅगा लोणारेन्सिस हा जिवाणू इथलाच. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने शोधलेल्या सेसेम्बिया लोणारेन्सिसच्या नावात तर संस्था आणि गाव दोन्ही आहेत. हॅलोमोनास कॅम्पिसॅलिसचा लोणारमधला वाण पेशीत जैविक प्लास्टिक साठवतो, हेही आघारकरमध्येच दिसलं.

जगात काही सरोवरांत हे थर याहून पक्के असतात. खाली जड खारं पाणी, वर हलकं गोडं पाणी आणि दोन्ही वर्षानुवर्षं मिसळतच नाहीत. कॅनडातल्या महोनी सरोवरात सुमारे सात मीटरवर, जिथे वरचा उजेड संपत येतो आणि खालचा सल्फाइड सुरू होतो तिथेच, जांभळ्या गंधक-जिवाणूंचा दाट पडदा तरंगतो. त्यांना प्रकाशसंश्लेषणासाठी उजेडही हवा आणि सल्फाइडही. दोन्ही एकत्र मिळतात ते फक्त त्या पातळ पट्ट्यात. त्यांच्या ओकेनोन या रंगद्रव्याचे अवशेष ऑस्ट्रेलियातल्या १६४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडले आणि त्या काळच्या समुद्रात सल्फाइड किती वरपर्यंत आलेला होता हे कळलं.

आता लोणारच्या जिवांची खरी अडचण. बहुतेक पेशी आतल्या आणि बाहेरच्या हायड्रोजन आयनांच्या फरकावर ऊर्जा कमावतात. सामू दहाच्या पाण्यात हे आयन शुद्ध पाण्याच्या हजारपट कमी असतात. म्हणून अल्कलीप्रेमी जिवाणू सोडियमचा आधार घेतात. सोडियम बाहेर ढकलून हायड्रोजन आत खेचतात. कित्येकांची शेपटीसुद्धा सोडियमच्या ओघावर फिरते. म्हणजे ज्या खारामुळे इतरांचा जीव जातो, तोच यांचं चलन आहे.

जून २०२०मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले आणि मीठप्रेमी आर्किया फोफावले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नमुने तपासले गेले. हा रंग हॅलोआर्कियांच्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्याचा आहे, असं आघारकरने सांगितलं. पेशी तळाला बसल्या की पाणी पुन्हा नितळ होत होतं. त्याच वर्षी लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. पण या मीठप्रेमी आर्कियांतल्या अनेकांना गोड्या पाण्यात टाकलं तर ते फुटून मरतात. त्यांची प्रथिनं मिठाशिवाय आकार धरत नाहीत.

म्हणूनच मला लोणारची काळजी वेगळी वाटते. आपण वालधुनीच्या काठची माणसं. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या या नदीचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. २०१४च्या नोव्हेंबरात टँकरने रसायन ओतलं गेलं आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. सांडपाण्याने काळवंडलेल्या गाळात सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात. लोणारच्या तळाशी त्यांचेच नातलग आहेत आणि वासही तोच आहे. स्वच्छ गोडं पाणी आणा, की पाणवठा बरा होईल, हा आपला अनुभवाचा हिशोब. वालधुनीला आणि उल्हास नदीला तो लागू आहे. लोणारला तो जसाच्या तसा लावला तर घात होईल. तिथला गाळ हा रोग नाही, तो थर आहे, आणि त्या थराला खार लागतो. लोणार गावाचं सांडपाणी विवरात उतरतं, तेव्हा ते घाणीबरोबर गोडं पाणीही आणतं. गेल्या शतकभरात सरोवराची क्षारता एकंदरीत घसरत आली आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस काढून शुद्ध केलेलं पाणी सोडलं, तरी क्षार पातळ होणारच.

म्हणून सांडपाणी शुद्ध करून सरोवरात सोडण्यापेक्षा ते विवराबाहेरच वळवणं हा सरळ उपाय आहे. पाण्याची पातळी, क्षारता आणि सामू यांची नोंद दर ऋतूत, थराथराने, एकाच पद्धतीने ठेवली गेली पाहिजे. सरोवरात येणारा गोमुखाचा झरा, वरच्या शेतातलं सिंचन, विहिरी, यांतून किती पाणी उतरतं ते मोजल्याशिवाय सुशोभीकरणाचं कुठलंच काम मंजूर होऊ नये. नकाशावर रेघोट्या मारून पायवाटा बांधणं सोपं आहे. तो पैसा आधी मोजणीवर खर्च व्हावा, असं मी ठासून म्हणेन.

लोणारचे काही जिवाणू प्रयोगशाळांच्या संग्रहांत गोठवून ठेवलेले आहेत. ते फक्त वाढवता आले तेवढेच. गाळातला डीएनए वाचला तेव्हा ज्यांच्या खुणा सापडल्या, त्यांतल्या बहुतेकांना अजून कोणी बशीत वाढवू शकलेलं नाही. त्यांची पेशी कशी दिसते, ती काय खाते, कुठलं एन्झाइम बनवते, हे कळायचं आहे. तोवर त्यांना ठेवायला त्या विवराच्या खाऱ्या तळाशिवाय दुसरी जागा नाही.