नदी जेव्हा शीव होते

श्रोतेहो, आपल्या पालम-गंगाखेडकडे दोन शेतांमध्ये ओढा असला म्हणजे वेगळा बांध घालावा लागत नाही. अलीकडचे तुमचे, पलीकडचे शेजाऱ्याचे. पण हाच ओढा वर दोन फाट्यांनी येत असेल, तर खरा ओढा कोणता धरायचा? मग बोलवा तलाठ्याला, काढा नकाशा!

राज्यांचेही असेच असते. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगा बरीच लांबवर हद्द झाली. अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे इंग्रजांचा. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. आज त्या नदीवर कोणी पहारा देत नाही.

हिमालयातली काली नदी मात्र अजून देशाची शीव आहे. अलीकडे उत्तराखंडातला पिथौरागड जिल्हा, पलीकडे नेपाळ. तिकडे तिला महाकाली म्हणतात. खाली मैदानात आली की तीच शारदा. इंग्रज आणि नेपाळ यांच्यातला सुगौलीचा तह १८१६ साली पक्का झाला, त्यात कालीच्या पश्चिमेकडच्या मुलखावरचा हक्क नेपाळने सोडला. नदीचे नाव लिहिले, पण तिचा उगम कोणता हे लिहायचे राहिले. एवढ्याशा गोष्टीने पुढे किती घोळ व्हावा!

वर गुंजी गावाजवळ दोन प्रवाह मिळतात. एक लिपुलेख खिंडीकडून कालापाणीवरून येतो, दुसरा लिंपियाधुऱ्याकडून. त्याला कुटी यांक्ती म्हणतात. भारत म्हणतो, काली कालापाणीच्या झऱ्यांपासून सुरू होते. नेपाळ म्हणतो, कुटी यांक्ती मोठी, तीच खरी काली. मधली जमीन सुमारे ३३५ चौरस किलोमीटर. २०२० साली भारताने लिपुलेखच्या वाटेवरचा रस्ता खुला केला, तेव्हा नेपाळने ही जमीन आपल्या नकाशात दाखवली. भारताला तो नकाशा मान्य नाही. गुरुजींनी वर्गात फळ्यावर दोन फाट्यांची नदी काढून दाखवावी. मुलांना तंटा चटकन कळेल.

आणि माणसे? त्या खोऱ्यातले ब्यांसी लोक दोन्ही काठांवर राहतात, एकमेकांचे सोयरे आहेत. थंडी पडली की गुरेढोरे घेऊन खाली धारचुल्याकडे उतरायचे, उन्हाळ्यात पुन्हा वर चढायचे, हा त्यांचा रिवाज. नेपाळच्या छांगरू आणि टिंकर गावच्यांना आपल्या बाजूने धड वाट नव्हती, म्हणून ते पूल ओलांडून भारतातल्या वाटेने खाली येत आणि धारचुल्याला झुलता पूल ओलांडून परत आपल्या देशात जात.