एएसओ नॉर्मल आला, तरी लघवी तपासाच



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला आमची एक ताई मुलाचा रिपोर्ट घेऊन आली. सात वर्षांचं पोर. सकाळी उठलं की डोळे सुजलेले, लघवी काळ्या चहासारखी. "एएसओ नॉर्मल आलाय, म्हणजे पोराला काही नाही ना गं?" तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून समजून घेतलं, तेच आज सांगते.

स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू मुलांच्या घशात शिरतात, तसे खरजेच्या चिघळलेल्या फोडांतही शिरतात. त्यांच्याशी लढायला शरीर अँटिबॉडी तयार करतं. कधी कधी या अँटिबॉडी आणि जंतूंचे अंश किडनीच्या बारीक चाळणीत अडकतात. चाळणी सुजते. मग लघवीतून रक्त जातं, अंगावर सूज येते, बीपी वाढतं.

हे लगेच होत नाही. घसा दुखल्यावर एक ते तीन आठवड्यांनी होतं, फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी. तोवर फोड वाळून जातात, जंतू सापडत नाहीत. पण चोर पळाला तरी पावलांचे ठसे राहतात ना? तशा रक्तात अँटिबॉडी राहतात. त्याच मोजतात.

एएसओ ही त्यातली एक. घसा दुखून गेला असेल तर ती सहसा वाढते. फोडांनंतर मात्र फारशी वाढत नाही, कारण ती ज्या विषाविरुद्ध तयार होते, ते विष कातडीतल्या स्निग्ध पदार्थांमुळे निकामी होतं. अशा वेळी अँटी-डीएनेज बी ही तपासणी जास्त उपयोगी. आमच्या ताईच्या मुलाला महिन्यापूर्वी खरूज झाली होती, पण ते कुणी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं!

उलट, एएसओचा आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असंही नाही. जंतू येऊन गेले, एवढंच तो सांगतो. किडनीचं काय चाललंय ते लघवी, बीपी आणि क्रिएटिनिनवरून कळतं. सी-थ्री नावाची तपासणीही करतात. या आजारात सी-थ्री कमी होतो आणि बहुतेक वेळा सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होतो.

म्हणून मैत्रिणींनो, डॉक्टरांना घशाचं सांगा, तसं फोडांचंही सांगा. सूज असेपर्यंत मीठ, लोणचं, पापड कमी करा. लघवी फार कमी झाली, धाप लागली, डोकं खूप दुखलं किंवा झटका आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. खरूज झाली तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावा.

बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात. ताईचं पोर आता शाळेत जातं. तरीही ती त्याची लघवी आणि बीपी तपासून घेते, कारण डोळ्यांना न दिसणारं रक्त लघवीत काही महिने राहू शकतं.